आजी नावाचं पोतं

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अ.उ.आ., आणि त्यावर एक जास्तीचा, कारण या वेळी नेहमीचा पुरायचा नाही.

तुझं पत्र परवा आलं. ज्या शिड्यांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं राबले त्याची तू आता मुख्य, हे वाक्य मी तीनदा वाचलं. मला वाचायला वेळ लागतो हे तुला ठाऊकच आहे. तूच शिकवलंस पाटीवर, सात वर्षांची असताना, आणि चुकले की पट्टी दाखवायचीस. पण या वेळी अक्षर लागत नव्हतं म्हणून नाही, चवीसाठी वाचलं. मग खालच्या शिवणवालीला हाक मारली. ती हातातली बाही तशीच घेऊन जिना चढून आली, तिला वाटलं मी पडले. तिला सांगितलं तर विचारते कशी, म्हणजे तुमची नात आता शिड्या करते का. मी म्हटलं, शिड्या करणाऱ्या एकशे चाळीस माणसांना सांभाळते. त्यावर ती म्हणाली, मग त्यापेक्षा शिड्या करणं सोपं. दिवसभर बटणांची काजं करत बसते, पण कधीकधी बोलते नेमकं.

माझं काम काय होतं, तर उभं राहणं. शिडी तयार झाली की भिंतीला लावायची, मी तिसऱ्या पायरीवर चढायचं आणि दोनदा उडी मारायची. पायरी कुरकुरली की शिडी परत. अख्ख्या कारखान्यात माझ्याएवढं अंगानं कोणी नव्हतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पुरुषमंडळी मला रोलरबाई म्हणायची. मीही हसायची. पायरीवर उभं राहून रुसता येत नाही, तोल जातो.

आता म्हातारीचं थोडं ऐक. फाटकावरच्या माणसाशी रोज आधी तू बोल. खुर्चीत बसलीस म्हणून मान ताठ करू नकोस, तुझी मान आधीच लांब आहे. कोणाला रागवायचं असेल तर आत बोलावून रागव, आणि कौतुक करायचं असेल तर बाहेर. बाकी तू शहाणी आहेस, माझ्यावर गेली नाहीस.

गुडघे ठीक. नळ गळतो, तो नळवाला तीन वेळा येऊन चहा पिऊन गेला, नळ गळतोच आहे.

माझा लोभ आहेच, तो कपाटात घडी करून ठेवू नकोस, रोज वापर.

तुझी
आजी

ता. क. वर्तमानपत्रातल्या फोटोत खांदे पाडून उभी आहेस. कोणी मारलं होतं का?

---

१६ फेब्रुवारी

ती. आजीस,

शि. सा. न.

फाटकावरच्या काकांशी पहिल्या दिवशी मी आधी बोलले तर ते घाबरले. आपलं काही चुकलं का विचारत होते. आता सवय झाली आहे, आज त्यांनीच माझ्या चपलेचा तुटका पट्टा दाखवला.

तुला एक गंमत सांगायची राहिली. तू निवृत्त झालीस तेव्हा तुझ्या जागी वाळू भरून जे पोतं केलं होतं, ते अजून तसंच साखळीला टांगलेलं आहे. सगळे त्याला 'आजी' म्हणतात. नवीन शिडी आली की मिस्त्रीकाका ओरडतात, आजीला आणा. मग पोतं उचलून पायरीवर दोनदा आदळायचं. पायरी टिकली की शिडी पास. बाहेरची पाहुणेमंडळी आली की मी मुद्दाम तिथे नेते, ऐटीत सांगते की ही माझी आजी.

पण हे पत्र त्यासाठी नाही. गेल्या वर्षी मी आराखड्याच्या खोलीत होते तेव्हा मी एक हलकी शिडी काढली. एका हातात उचलता येते, तिच्या पायरीची धातूची नळी आधीच्यापेक्षा पातळ आहे. ती खूप खपली, आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळेच मालकांनी मला मुख्य केलं. अठरा दिवसांपूर्वी एका शाळेची भिंत रंगवताना एक रंगारी त्या शिडीवरून पडला. सहावी पायरी मधोमध वाकली. त्याचा उजवा खांदा मोडला, पाठ दुखावली. मी मुख्य झाले त्या पहिल्याच दिवशी त्याचा अहवाल माझ्यापुढे आला. त्यात लिहिलं होतं की तो दोन डबे घेऊन बाजूला झुकला, चूक त्याची. मी सही केली. त्या कागदाच्या जोरावर ठेकेदारानं त्याला कामावरून काढलं, निष्काळजी म्हणून.

परवा तो फाटकाशी आला. ओरडला वगैरे नाही. म्हणाला की डबा एकच होता आणि मी सरळ उभा होतो, तुम्ही कोणाला विचारून लिहिलंत. आजी, मी कोणालाच विचारलं नव्हतं. तो अंगानं तुझ्यासारखा आहे, भरभक्कम.

आमच्या शिडीवर छापलेलं असतं, शंभर किलोपर्यंत. मिस्त्रीकाका म्हणतात पोतं तेवढं असणारच, रोलरबाई म्हणजे काय चेष्टा होती का. पण कोणी मोजलं होतं ते कोणालाच सांगता येत नाही. तुझं वजन तेव्हा किती होतं? पोतं भरलं तेव्हा तू तिथे होतीस ना?

लवकर लिही. तुझ्या मायेची मला सध्या नेहमीपेक्षा जास्त गरज आहे.

तुझी
भिंगरी

---

२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. नळवाला चौथ्यांदा आला आणि नळ दुरुस्त झाला, तर आता पाणीच येत नाही. शिवणवालीनं एक नवीन मशीन घेतलं आहे, विजेवर चालतं. ती पायानं चालवायची सवय मोडत नाही म्हणून खाली पाय हलवत बसते आणि मशीन आपलं आपण पळतं. बघून बघून माझी हसून पुरेवाट झाली.

तू वजनाचं विचारलंस ते मला नीट आठवत नाही. तीस वर्षं झाली. ते सगळं जुने मिस्त्री बघायचे. ते फार सज्जन होते, आता ते नाहीत. आणि बाईमाणसाला वजन विचारू नये एवढं तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं. कशाला जुनं उकरून काढतेस? रंगारी लोक उतावीळ असतात. आमच्या चाळीतला एक रंगारी खुर्चीवर स्टूल ठेवून चढायचा. तू नवीन आहेस, पहिल्याच महिन्यात सगळं अंगावर घेऊ नये.

त्याचा उजवाच खांदा का? तो कोणत्या हातानं रंगवतो? घरी कोण कोण आहे, ते तू लिहिलं नाहीस.

डोळे चुरचुरतात, इथंच थांबते. जीव लावून आहेस तशीच राहा.

तुझी
आजी

---

२८ फेब्रुवारी

ती. आजीस,

शि. सा. न.

मंगळवारी पोतं साखळीवरून उतरवलं आणि गोदामातल्या मोठ्या काट्यावर ठेवलं. एकाहत्तर किलो. कापड आणि कडी धरून. मी उतरवायला लावलं, काटा तपासायला लावला, पुन्हा ठेवलं. एकाहत्तर.

म्हणजे आम्ही शंभर छापतो आणि सत्तरावर तपासतो. जुन्या लाकडी शिड्यांना काही झालं नाही, कारण त्यांच्या पायऱ्या मनगटाएवढ्या जाड होत्या, त्यावर बैल उभा केला असता तरी चाललं असतं. माझी पातळ नळी मात्र सत्तराला टिकते आणि नव्वदाला वाकते. ती शिडी आज तीन हजार घरांत आणि दुकानांत उभी आहे. आज कोणीतरी तिच्यावर चढलं असेल.

सगळे विचारायला लागले की वाळू गेली कुठे. पोत्याला भोक नाही, शिवण जुनीच आहे. तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, मिस्त्रीची पाठ दुखते ना, त्यानंच काढली असेल थोडीथोडी, उचलायला हलकं पडावं म्हणून. मिस्त्रीकाकांनी ते ऐकलं. अंगावरचा डगला काढून खुंटीला लावला आणि निघून गेले. तीन दिवस आले नाहीत. आजी, मला कानस धरायला त्यांनी शिकवलं.

काल मालक आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना हायसं वाटलं, ते मला दिसलं. म्हणाले, उत्तर सापडलं. मिस्त्री उन्हाळ्यात निवृत्त होणारच आहे, चार महिने आधी जाईल, आपण मानानं निरोप देऊ. पोत्यातला दोष त्याच्या नावावर लिहायचा. शिड्या जुना माल म्हणून गुपचूप परत घ्यायच्या, कारण सांगायचं नाही. रंगाऱ्याच्या औषधपाण्याचं बघू, अहवाल मात्र आहे तसा राहू दे. पुढे म्हणाले की मुख्य माणसाचं काम म्हणजे आग एका खोलीच्या बाहेर जाऊ न देणं. एका माणसापायी एकशे चाळीस जणांची चूल विझवशील का, असंही विचारलं.

मला ते पटलं. खरी भीती त्याचीच वाटते, की ऐकताना ते मला अगदी शहाणपणाचं वाटलं. पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं आहे. सही शुक्रवारी, सात तारखेला करायची आहे.

आणखी एक गोष्ट, जी मी मालकांना सांगितली नाही. पातळ नळी काढली तेव्हा आराखड्याच्या खोलीतला एक जण म्हणाला होता, बाहेरच्या यंत्रावर तपासून घेऊ, पंधरा दिवस लागतील. मला घाई होती. मी म्हटलं, यंत्र कशाला, आपली आजी आहे ना. सगळे हसले होते. तोसुद्धा हसला.

तुला काही विचारत नाही. तब्येतीला जप.

तुझी
भिंगरी

---

३ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

हे पत्र शिवणवालीच्या भावाच्या हाती देते आहे, तो ट्रक घेऊन तिकडेच निघाला आहे. पोस्टाचा भरवसा नको. तो देईपर्यंत सही करू नकोस.

वाळू कोणी काढलेली नाही. पोतं पहिल्यापासून तेवढंच आहे.

माझे गुडघे गेले तेव्हा जुने मिस्त्री म्हणाले, बाई, तुमच्या वजनाचं एक पोतं करून ठेवतो म्हणजे काम अडणार नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो मोठा काटा बाहेर आणून ठेवला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना उजेड हवा होता आकडा वाचायला. पण चाळीस माणसं डबे सोडून येऊन उभी राहिली. कोणी म्हणालं काटा मोडेल. कोणी म्हणालं दोन काटे आणा, एकेक पाय ठेवतील. मी रोज हसायची, तशी त्या दिवशीही हसले. आणि हसत हसत मिस्त्रींच्या कानात सांगितलं, कशाला तमाशा, परवाच डॉक्टरकडे काट्यावर उभी राहिले, सत्तर भरलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आंधळे नव्हते ते. पण बाईला खोटं कसं पाडायचं, म्हणून मान हलवली, काटा आत नेला, आणि गोदामात जाऊन एकट्यानं पोतं भरून शिवून आणलं. बाहेर सगळ्यांना सांगितलं, बरोबर बाईंएवढं आहे. आकडा कोणाला सांगितला नाही. तो माझा मान राखला त्यांनी.

माझं वजन तेव्हा ब्याण्णव होतं. डॉक्टरकडे खरंच गेले होते मी, त्यानं लिहूनच दिलं होतं. तो कागद मी जिन्यातच फाडला.

तुझं सोळा तारखेचं पत्र आलं तेव्हाच मला सगळं आठवलं होतं. नळाचं आणि मशीनचं लिहीत बसले, कारण मी गल्लीभर सांगत सुटले होते की माझी नात मुख्य झाली. वाटलं, माझ्यामुळे तुझी खुर्ची जाईल. तो रंगारी उतावीळ असेल असं तुला लिहिलं ते लिहिताना मला माहीत होतं की तसं नाही. तीस वर्षांपूर्वीचं खोटं लाजेपोटी होतं, त्याला मी माफ करीन कदाचित. बावीस तारखेचं तसं नव्हतं.

हे तुझ्या मिस्त्रीकाकांपुढे वाच. मग सगळ्यांपुढे वाच, आकड्यासकट. हसतील, हसू दे. त्या माणसाच्या खुंटीवरचा डगला आधी त्याच्या अंगावर जाऊ दे, मग माझ्याशी बोल किंवा बोलू नकोस.

तुला वाटेल आजीनं सगळं स्वतःवर घेतलं म्हणून तू सुटलीस. तसं समजू नकोस. मी एका काट्यापुरतं खोटं बोलले होते. शंभर तू छापलंस.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

आजी

---

१२ मार्च

ती. आजीस,

शि. सा. न. लोभ ठेवायचा की नाही हे ठरवायला मला वेळ लागला नाही, तरी चार दिवस तुझा राग आला होता हे लपवत नाही.

तुझं पत्र घेऊन आधी मिस्त्रीकाकांच्या घरी गेले. ते खिडकीच्या चौकटीला पॉलिश करत होते. पत्र वाचताना पहिल्यांदा हसले, मग चष्मा काढून ठेवला. म्हणाले, हजारो वेळा उचललं मी ते पोतं. दर वेळी वाटायचं की बाई दिसायच्या त्या मानानं हलक्या होत्या. मग वाटायचं, आपल्याच दंडात ताकद आहे. कोणाला बोललो नाही. त्यांच्या बायकोनं आतून विचारलं की कसली ताकद, काल डब्याचं झाकण कोणी उघडलं. मी माफी मागितली तर म्हणाले, माफी इथे नको, जिथे ते बोललं गेलं तिथे माग.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांना मधल्या शेडमध्ये बोलावलं. तुझं पत्र वाचलं. काटा मोडेल या वाक्याला काही जण हसले, ब्याण्णवला त्यातले दोघे हसले, नंतर कोणी नाही. मागच्या बाजूला एक म्हातारा कामगार खाली बघत होता. दोन काटे आणा हे तोच म्हणाला होता, असं त्यानं मला नंतर सांगितलं. मग मी माझं सांगितलं. बाहेरच्या यंत्राचं, घाईचं, आणि न विचारता केलेल्या सहीचं. मिस्त्रीकाकांची माफी तिथेच मागितली.

शिड्या परत मागवल्या आहेत, कारण सांगून. वर्तमानपत्रात माझ्या नावानं छापलं आहे की या शिडीवर चढू नका. मोठी मागणी दोन दिवसांत रद्द झाली. दुसरी पाळी बंद करावी लागली, अडतीस माणसं घरी आहेत. त्यातली एक, पायऱ्यांना रिव्हेट ठोकणारी, माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, तुम्हाला खरं बोलणं परवडतं, तुम्हाला दार असलेली खोली आहे. जाड नळीच्या शिडीचं काम सुरू केलं आहे, आधी त्या अडतीस जणांनाच बोलावणार आहे, पण कधी ते सांगता येत नाही, आणि तेव्हा मी इथे असेन की नाही तेही. मालक महिनाअखेर ठरवणार आहेत. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले की आग सगळ्या घराला लागली.

मग रंगाऱ्याकडे गेले. दुसऱ्या मजल्यावर एक खोली. त्यानं डाव्या हातानं दार उघडलं. बायको कामाला गेली होती. बस म्हणाला नाही, मीही बसले नाही. नवीन अहवाल दिला, त्यात चूक कारखान्याची असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यानं तो सगळा वाचला. औषधपाण्याचं बोलले तर म्हणाला, ते तुम्ही करालच, करावं लागेल. मग भिंतीकडे बघत सांगितलं की भिंत आणि छत जिथे मिळतात तिथली रेघ तो पट्टी न लावता एका दमात ओढायचा, त्यासाठी लोक त्याला मुद्दाम बोलवायचे. आता हात कापतो. भिंत रंगवता येईल पुढेमागे, रेघ यायची नाही.

त्या अहवालाची दुसरी प्रत घेऊन मी ठेकेदाराकडे गेले, त्याचं काम चालू होतं तिथे, आणि त्याच्या माणसांसमोर वाचली. तो म्हणाला, कारखान्याचे कागद आज एक बोलतात उद्या दुसरं. जड माणसानं वर चढूच नये, आणि मी दुसरा ठेवला आहे. रंगाऱ्याला हे सांगायला परत गेले. त्याला आश्चर्य वाटलं नाही. एवढंच विचारलं की ही शिडी शेवटी पास कोणी केली होती, मशीननं की माणसानं.

मी आपल्या दोघींची नावं सांगितली. तुला विचारलं नव्हतं.

तुझ्या मायेत राहू दे.

तुझी
भिंगरी

---

१७ मार्च

रंगारी यांस,

पत्राच्या वर काय लिहायचं ते मला माझ्या नातीनं शिकवलं आहे, लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार. ज्याला आपल्यामुळे लागलं त्याला काय लिहायचं ते तिलाही येत नाही. मी सा. न. वि. वि. लिहिते. नको असेल तर खोडून पुढे वाचा.

तुमचा पत्ता तिनं दिला नाही, मी मिस्त्रींकडून काढला.

तुम्ही विचारलंत की शिडी कोणी पास केली. मी केली. मी तिथे नव्हते, पण माझ्या नावाचं पोतं होतं, आणि ते बावीस किलोनं खोटं होतं. चाळीस माणसांपुढे काट्यावर चढायची मला लाज वाटली होती. माझं वजन ब्याण्णव होतं. तुमचंही तेवढंच असेल असं नात म्हणते. मी खरं बोलले असते तर ती पायरी कारखान्यातच वाकली असती. माझ्या नातीनं तुमच्यावर न विचारता लिहिलं ती तिची चूक, ती तिनं तुम्हाला सांगितली आहे. तिच्या वतीनं मी काही बोलत नाही.

जड माणसानं वर चढू नये असं तुमचा ठेकेदार म्हणाला. मी सव्वीस वर्षं रोज चढले. पडले नाही, कारण पायरी माझ्या अंगाला पुरेशी होती. एवढीच गोष्ट आहे, आणि ती त्याला कळायला हवी. हे पत्र त्याला दाखवा. तो म्हणेल हाही कागदच. तसं म्हणाला तर मला कळवा, मी येऊन त्याच्यापुढे उभी राहीन. आता अठ्ठ्याहत्तर भरते. बसनं चार तास लागतात आणि जिना असेल तर आणखी थोडा वेळ.

तुम्ही त्या रेघेचं सांगितलंत ते नातीनं मला लिहिलं. त्यावर काय लिहावं ते मी दोन दिवस शोधलं, सापडलं नाही.

खाली लोभ असावा असं लिहायची रीत आहे. ते मी लिहीत नाही.

शिडीवर उभी राहणारी